ब्याऐंशी मिलिमीटर

दरड कोसळून नऊ दिवस झाले होते आणि तिच्याखालून मिळाला तो एवढा एकच उजवा हात, मनगटापासून पुढचा. त्या उतारावर दोघं बेपत्ता होती: ट्रॅक्टर चालवणारा नुरगाझी आणि घोड्या दोहणारी सायकाल. डीएनएचा नमुना राजधानीला, बिश्केकला पाठवला होता, पण तिथून उत्तर यायला तीन महिने. तोवर दोन घरांपैकी कुणी माती द्यायची? म्हणून शवागारात तो हात मी मोजला.

लांबी एकशे ब्याऐंशी मिलिमीटर. रुंदी, चिखलात फुगलेल्या कातडीचा हिशेब वजा करून, ब्याऐंशी. तर्जनी अनामिकेपेक्षा तीन मिलिमीटरनं आखूड, पुरुषांत बहुधा असते तशी. आमच्या तक्त्यात रुंदी ऐंशीच्या वर गेली की पुरुष. दाखल्यावर मी ‘पुरुष’ लिहिलं आणि गावी फोन केला.

दुसऱ्या सकाळी नुरगाझीची आई, झुराकान आपा, पांढरं कापड घेऊन आली. तिच्या अंगणात शोकाचा तंबू उभारून झाला होता. तिच्या मागोमाग सायकालची आई आयिमकान आत शिरली.

“दाखला कुणी लिहिला?”

“मी, आपा.”

“घोडी दोहलीयेस कधी?”

“नाही.”

“मग तुला हातातलं काय कळतंय?” तिनं बाही वर सारली आणि स्वतःचा पंजा टेबलावर आपटला. “मोज.”

झुराकान आपा म्हणाली, “मोज बाई, मोज. पोरगी गेली तरी हिची जीभ जागेवर आहे.”

“तुझा पोरगा गेला, तुझी कुठं हललीय?”

मी कॅलिपर लावला. चौऱ्याऐंशी.

“किती?”

मी सांगितलं.

“म्हणजे मी कोण? बोल ना पोरी. चार लेकरं जन्माला घालणारा बाप्या?”

तक्ता राजधानीतल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या हातांवरून केलेला होता. माझा स्वतःचा हात त्र्याहत्तर भरतो. दहाव्या वर्षापासून रोज घोड्या दोहणाऱ्या, लोकरीचे ओले नमदे कोपरानं आणि पंज्यानं दाबत वळणाऱ्या बाईचा एकही हात त्यात नव्हता. हे मला कालच सुचायला हवं होतं. एवढी लांबी पुरुषांत असते तशी बायकांतही असते. बोटांतला तेवढा फरकही.

“सायकालचा पंजा कसा होता?” मी विचारलं.

“तिचे हातमोजे मला जरासे घट्ट व्हायचे.”

“आणि नुरगाझीचा, आपा?”

झुराकान आपानं कापडाची घडी पुन्हा नीट केली. “पुरुषासारखा,” ती म्हणाली.

“हा हात कुणाचा, ते मला सांगता येत नाही.”

“काल येत होतं.”

“काल माझी चूक झाली.”

“दारात माणसं जमलीत. बायका तंबूत बसून रडताहेत. त्यांना काय सांगू? थांबा, पोरीचं चुकलं?”

आयिमकान म्हणाली, “मला दाखव. आई आहे मी, मला कळेल.”

मी ट्रे बाहेर काढला. तिनं तो हात उताणा केला, पालथा केला, नखांवरून अंगठा फिरवला. पुन्हा उताणा केला. झुराकान आपा दारापाशीच थांबली होती, पण तिची नजर आयिमकानच्या तोंडावर होती.

“नाही कळत,” आयिमकान म्हणाली. मला ते जेमतेम ऐकू आलं.

झुराकान आपा पुढे आली नाही. “मी नाही बघणार,” ती म्हणाली. “मला कळलं नाही तर?”

मी ‘पुरुष’ खोडून ‘निश्चित करता येत नाही’ लिहिलं. असा दाखला असला की बिश्केकचं उत्तर येईपर्यंत हात कुणालाच देता येत नाही, हेही मलाच सांगावं लागलं.

झुराकान आपानं घरी फोन लावला. “तंबू उतरवा,” ती म्हणाली. पलीकडून कुणीतरी ओरडत होतं. तिनं ऐकून घेतलं आणि फोन बंद केला.

त्यांच्या खोऱ्याकडे दिवसातून एकच गाडी जाते. खिडकीतून मला दिसलं, आयिमकान आधी चढली आणि दुसरीला वर ओढून घेण्यासाठी तिनं हात पुढे केला. झुराकान आपा तो न धरताच वर चढली.