शर्यतीच्या सकाळची नवी आवृत्ती

अंतिम शर्यतीच्या सकाळी खारूने जे केलं, त्यासाठी ऑफिसातल्या नवख्यांना तिने कच्चं खाल्लं असतं. दुपारी ज्या प्रोग्रॅमवर सगळी मदार होती, तो ज्या संगणकीय भाषेत लिहिला होता, तिची कोरी करकरीत आवृत्ती तिने लॅपटॉपवर चढवली. जागा पुरेना म्हणून जुनी पुसूनही टाकली. नवी आवृत्ती दुप्पट वेगाने पळते असं तिने वाचलं होतं, आणि घोडं अडलं होतं ते वेगापाशीच! पडद्यावरचा आकडा बदलला तशी तिने स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली. प्रोग्रॅम एकदा चालवून बघायचं मात्र राहून गेलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय!

हा प्रोग्रॅम म्हणजे तिच्या मावशीचा आवाज होता. मावशी सायकलशर्यतींची निवेदक. तिने तोंड उघडलं की झोपलेला प्रेक्षकही बाकावर उभा राहायचा, म्हणून सगळं मैदान तिला तोफ म्हणायचं. मग घशाचा आजार झाला, डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं आणि तोफ थंडावली. गळ्याच्या पुढच्या बाजूला एक छिद्र उरलं. श्वास तिथून चालायचा, शब्द मात्र एकही निघत नव्हता. खारूने जुन्या शर्यतींची ध्वनिमुद्रणं गोळा केली आणि त्यांवरून हा प्रोग्रॅम बांधला. मावशीने टाइप करायचं, लॅपटॉपने तिच्याच आवाजात बोलायचं. लॅपटॉपातून पहिल्यांदा "कार्टे, चहा टाक" असं ऐकू आलं तेव्हा दोघी इतक्या रडल्या की तो चहा उतू गेला.

पण घरात चहा मागणं वेगळं आणि शर्यत सांगणं वेगळं. सरावाच्या शर्यतीत आवाज मागे रेंगाळला. पहिली आलेली पोरगी रेषा ओलांडून पाणी पीत बसली, तरी मावशीचा आवाज तिला अजून शेवटच्या वळणावरच पळवत होता. लोक पोट धरधरून हसले. त्या दिवशी घरी आल्यावर मावशीने टाइप केलं, "अंतिम शर्यतीला एक संधी घेते. पुन्हा असंच झालं तर मी निवेदकाच्या खोलीची पायरी चढणार नाही." मावशीचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, हे खारूला ठाऊक होतं.

मैदानाच्या कडेला, बाकांच्या वर, निवेदकाची काचेची खोली होती. दोघी तिथे पोचल्या तेव्हा व्यवस्थापक घामाघूम होऊन उभे होते आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत एक तलम आवाजाचा गृहस्थ बसला होता. एरवी तो मोठ्या दुकानात सवलतींच्या घोषणा करायचा.

"ताई, राग मानू नका," व्यवस्थापक म्हणाले. "हे नुसते बसलेत. वेळ आलीच तर."

मावशीने त्या गृहस्थाकडे असं पाहिलं की त्याने आपणहून खुर्ची आणखी मागे सरकवली.

लॅपटॉप ध्वनिक्षेपकाला जोडायची वायर खोलीतल्या खाचेत बसेना, म्हणून खारूने तो सरळ माइकसमोर ठेवला. मग प्रोग्रॅम सुरू केला, आणि पडदा लालेलाल झाला. ओळींमागून चुकांच्या ओळी.

"काय झालं?" मावशीने फोनवर अक्षरं उमटवून फोन तिच्या नाकासमोर धरला.

"मी भाषेची नवी आवृत्ती टाकली सकाळी. आपला प्रोग्रॅम दुसऱ्यांनी लिहिलेली तयार पॅकेजेस वापरतो ना, ती जुन्या आवृत्तीवर चालायची. नवी म्हणते, मी यांना ओळखतच नाही."

"मग जुनी आण."

"पुसली. आणि इथे इतकी माणसं फोन घेऊन बसलीत की नेट मुंगीच्या पायांनी चालतंय. जुनी उतरेपर्यंत शर्यत संपेल."

मावशीने फोनवर फक्त "गाढवे" एवढं लिहिलं. ते योग्यच होतं.

खाली सायकली रेषेवर येऊ लागल्या. खारू मात्र आता पेटली होती. भीती होतीच, पण चूक समोर दिसली की तिच्या बोटांना एक वेगळीच खाज सुटायची. आवाज बाहेर सोडणारं पॅकेज तिने उघडलं. भाषेने एका आज्ञेचं नाव बदललं होतं. तिने ते बदललं आणि ते चालू झालं! शब्दांना मावशीचा आवाज चढवणारं पॅकेज दोन ठिकाणी अडत होतं. तेही वळणावर आलं. "येतंय, येतंय!" ती ओरडली, तसे व्यवस्थापकही काही न कळता "येतंय!" म्हणून ओरडले.

तिसरं मात्र हटेना. वाक्यांच्या मध्ये श्वास घालणारं ते पॅकेज म्हणजे खारूचं लाडकं. त्याच्याशिवाय आवाज यंत्राचा वाटायचा, त्याच्यामुळे माणसाचा. कुणा अनोळखी माणसाने ते कधीकाळी लिहिलं आणि वाऱ्यावर सोडलं होतं. एक सांधावं तर तेरा तुटत होती. शेवटी तिने ते पॅकेज ओळ न ओळ वाचायला घेतलं, आणि वाचता वाचता तिचा हात कपाळावर गेला.

श्वास कुठे पडावा हे ठरवण्यासाठी ते पॅकेज अख्खं वाक्य पुरं होण्याची वाट बघत बसायचं! शर्यतीत आवाज रेंगाळत होता तो यामुळे. जुन्या आवृत्तीचा काही दोष नव्हता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

"मावशी, श्वास काढून टाकते," ती म्हणाली. "आवाज वेळेवर येईल, पण यंत्रासारखा सपाट लागेल. चालेल?"

मावशीचा चेहरा पडला. तिला स्वतःचा आवाज परत हवा होता, डब्याचा नको होता. एवढ्यात खाली बंदूक वाजली आणि सायकली सुटल्या. कोपऱ्यातल्या गृहस्थाने घसा खाकरला. ते ऐकताच मावशीने खारूच्या पाठीत धपाटा घातला. काढ!

श्वासाच्या पॅकेजला बोलावणारी एकच ओळ होती, ती खारूने पुसली, आणि मावशीची बोटं कळांवर तुटून पडली. एकेका स्पर्धकाला एकेक अक्षर होतं, दाबलं की पूर्ण नाव. "भिंगरी पुढे, भिंगरी पुढे, बगळी मागून येतेय, वळणावर बगळी, अरे बघताय काय, बगळी!" शब्द टाइप व्हायचा अवकाश, मैदानावर गरजत होता. सायकल जिथे, आवाज तिथे! बाकांवरची माणसं वर काचेकडे वळून बघू लागली.

पण खारूला काहीतरी चमत्कारिक वाटलं. आवाज सपाट लागत नव्हता. मध्येच धाप ऐकू येत होती, शब्द धापेवर चढून येत होता, आणि ती ओळ तर तिने स्वतःच्या हाताने पुसली होती. तिने पडद्यावर पाहिलं, मग माइककडे, मग मावशीकडे. मावशी माइकवर ओणवी झाली होती. खांदे वरखाली होत होते. गळ्याच्या छिद्रातून फुस्स, फुस्स श्वास सुटत होता आणि तो माइक उचलत होता. शब्द लॅपटॉपचे, धाप मावशीची, आणि कर्ण्यांतून दोन्ही मिळून एकच बाई बोलत होती. खारूच्या अंगावर सरसरून काटा आला. तिने माइक हळूच आणखी थोडा मावशीकडे वळवला.

शेवटच्या फेरीला मैदान उभं राहिलं. "भिंगरी, बगळी, भिंगरी, बगळी, चाकाला चाक, सोडू नको पोरी, सोडू नको, बगळी! बगळी! बगळीने मारली बाजी!" खरोखरच त्याच क्षणी चाक रेषेवर होतं. कोपऱ्यातला गृहस्थ खुर्चीवर चढून शिट्या मारत होता. व्यवस्थापकांनी खारूलाच मिठी मारली.

मावशी खुर्चीत मागे रेलून जोरजोरात श्वास घेत होती. डोळे भरून वाहत होते, ते तिने पुसलेही नाहीत.

"मावशी," खारू तिच्या गुडघ्यांशी बसत म्हणाली, "घरी गेलो की त्या पॅकेजला वठणीवर आणते. वाट न बघता श्वास घालेल असं करते."

मावशीने कळांकडे हात नेला. माइक चालू आहे हे दोघींच्याही लक्षात नव्हतं, त्यामुळे पुढचं सगळ्या मैदानाने ऐकलं.

"काही नको," तोफ कडाडली. "श्वास माझा मी घेते."