ठेवा बोट

"ठेवा बोट," मी म्हणालो.

हा माझा जुना रिवाज. पाइपासाठी कोणी भिंत फोडली, ओलीने पोपडा निघाला, की तेवढाच तुकडा भरून त्याला जुन्या रंगाशी जुळवून द्यायचं, हे माझं काम. रंग वाळला की मालकाला भिंतीसमोर उभं करायचं आणि म्हणायचं, ठिगळ कुठे आहे तिथे बोट ठेवा. सापडलं तर पुन्हा करून देतो. चाळीस वर्षांत ते कोणाला सापडलं नव्हतं. लोक मला ठिगळकाका म्हणत आणि मला त्याचा मान वाटे.

शाळेच्या मोठ्या बाई पुढे झाल्या. शोधत बसल्याच नाहीत. थेट बोट ठेवलं.

"हे काय काका, इतकं निळं?"

मला निळं कुठेच दिसेना. सगळी भिंत सारखीच, सायीच्या रंगाची.

"ओलं असेल अजून."

"परवापासून वाळतंय."

"मग खिडकीतून उजेड तिरका पडतोय."

"असेल हो काका," बाई म्हणाल्या. म्हाताऱ्या माणसाची समजूत घालतात तशा. त्या चार शब्द रागावून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आलो आणि सुनेला सांगितलं, "मोठ्या बाईंना आता चष्मा लागलाय." तिची आई आजारी होती म्हणून ती तीन दिवस माहेरी गेली होती, नुकतीच परतली होती. हातातली पिशवी तिने खाली ठेवली.

"निळं म्हणाल्या?"

"हो. म्हणे निळं."

"बाबा, उद्या डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊ."

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?"

माझे वडीलही हेच काम करत. छटा ओळखणारा डोळा आमच्या रक्तातच आहे, असं मी सांगत फिरे. मुलगा ट्रक चालवतो. त्याला पांढरं आणि मळकं यातला फरक कळत नाही, ते दुःख मी गिळून बसलो होतो. सून सहा वर्षं माझ्याबरोबर कामाला येत होती. खरवडणं, पुट्टी भरणं, पॉलिश पेपर मारणं, शिडी धरणं, सगळं करी. रंग मात्र मी बनवायचा. "तुला नाही जमायचं, ते रक्तात असावं लागतं," असं मी तिला तोंडावर म्हणे.

"असेल बाबा," ती म्हणे, "मी आपली ढवळते."

दवाखान्यातली डॉक्टरीण नातीच्या वयाची. समोर अक्षरांचा तक्ता. अक्षरं मला पन्नाशीनंतर आली. तिसरी ओळ वाचता येईना तेव्हा मी म्हणालो, "एवढी शिकायची राहून गेली असतील." ती हसली नाही. बारीक उजेड टाकून दोन्ही डोळे बराच वेळ पाहत राहिली.

"आजोबा, कधी विजेचा झटका बसला होता?"

"झटका? वीज पडली होती माझ्यावर!"

ही गोष्ट मी मोठ्या तोऱ्यात सांगत असे. नऊ महिन्यांपूर्वी एका गच्चीच्या कठड्याला रंग देत होतो. आभाळ भरून आलं, सून खालून हाका मारत होती, मी म्हणालो एवढा हात मारून उतरतो. लोखंडी शिडीवर वीज आली. मी दहा हात लांब फेकला गेलो. तळवा भाजला, एक कान पंधरा दिवस बंद होता. "आणि एकविसाव्या दिवशी पुन्हा शिडीवर!" मी डॉक्टरणीला म्हणालो.

"ती वीज तेव्हा डोळ्यांतूनही गेली," ती म्हणाली. "कधी कधी डोळ्यातलं भिंग लगेच गढूळ होत नाही, काही महिन्यांनी होऊ लागतं. रंग फिके दिसतात, निळा तर सगळ्यात जास्त; त्यांतला फरक कळेनासा होतो. भिंग बदलता येईल. पण मागचा पडदा भाजला असेल, तर ते भिंग काढल्यावरच नीट कळेल."

"म्हणजे पोपडा काढल्याशिवाय आतली वीट कळत नाही."

आता ती हसली. "अगदी तसंच."

महिनाभराच्या अंतराने दोन्ही डोळे झाले. डावा लख्ख. उजव्याच्या पडद्याला मधोमध भोक निघालं. उजव्या डोळ्याने डॉक्टरणीकडे पाहिलं तर कान दिसले, केस दिसले, नाकाच्या जागी नुसता डाग.

बरं वाटताच मी एकटाच निघालो. गेल्या काही महिन्यांत आजारी डोळ्यांनी केलेली सगळी कामं मला बघायची होती. आधी वाचनालय. डावा डोळा भिंतीला लावून अर्धा तास ठिगळ शोधलं. नाही सापडलं. शिंप्याच्या दुकानात गेलो, तिथेही नाही. छाती फुगली. डोळा गेला तरी हात चुकला नाही म्हणायचा!

मग शाळेत गेलो. दारातूनच दिसलं. नीळ जास्त झालेल्या सदऱ्यासारखं ते ठिगळ भिंतीवर बसलं होतं.

मी मुलांच्या बाकावर बसलो. डोळे तेच, हात तोच, रंगही तोच. फरक एकच होता. सून माहेरी होती म्हणून इथली बादली मीच ढवळली होती.

घरी सून भांडी पुसत होती.

"ढवळताना काय घालायचीस?" मी विचारलं.

तिने फडकं खाली ठेवलं. "पिवळा. थोडासाच. कधी काळ्याचा एखादा थेंब."

"कधीपासून?"

"वाचनालयापासून."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं एकदा. बाबा, निळा जास्त होतोय, असं मी म्हणाले."

"मग?"

"तुम्ही म्हणालात, शिडी धर."

मला आठवलं. अगदी तसंच म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी रंगाच्या बाटल्या तिच्यापुढे ठेवल्या. ती माझ्याकडे पाहत राहिली. "बघतेस काय, बनव," मी म्हणालो. तिने थेंब टाकले, ढवळलं, पुठ्ठ्यावर ओढून उजेडात धरलं, पुन्हा एक थेंब टाकला. माझे वडील तसेच पुठ्ठा उजेडात धरत. मी शिडीचे पाय दाबून उभा राहिलो.

रंग वाळल्यावर ती बाजूला झाली आणि पदराने हात पुसत म्हणाली, "बाबा, ठेवा बोट."

मी उजवा डोळा मिटला. डाव्याने वरून खाली, खालून वर पाहिलं. मग भिंतीवर बोट ठेवलं.

"हातभर चुकलात," ती खुदकन हसली.

तेवढ्यात मोठ्या बाई आल्या. भिंतीजवळ गेल्या, लांब झाल्या, पुन्हा जवळ गेल्या. "काका, डोळा परत आला की तुमचा! कमाल केलीत."

"मी नाही केलं बाई, हिने केलं," मी म्हणालो. "मी शिडी धरली होती."