इरकलीच्या खोळीखाली

मी मंजुश्रीचा कंप्युटर बोलतोय. उदगीरच्या एका घरात खिडकीशी बसलेला काळा डबा. आता ओशाळलोय, पण आलो तेव्हा रुबाब होता माझा. चिपचा जो नेहमीचा वेग असतो, त्याहून जास्त वेगानं पळायचं, हे कारखान्यातच ठरवून मला धाडलं होतं. याला ओव्हरक्लॉक म्हणतात. पळताना अंगाची आग व्हायची, म्हणून पोटात तीन पंखे आणि सोबत एक इंग्रजी पुस्तिका होती. चारी बाजूंनी हवा मोकळी ठेवा, असं तिच्यात लिहिलेलं. मंजुश्रीच्या वडिलांनी, भीमाशंकर अप्पांनी, ती न उघडता कपाटात जपून ठेवली.

अप्पांनी मला लातूरहून एसटीत मांडीवर घेऊन आणलं. मंजुश्रीच्या आईनं, गौरम्मानं, माझ्या पत्र्यावर विभूतीची तीन बोटं ओढली आणि आपल्या लग्नातली इरकल साडी फाडून मला खोळ शिवली. या घरात फ्रीजला खोळ, मिक्सरला खोळ. शेजारच्या डाळमिलची धूळ येते ना! मंजुश्री खोळ काढून मला सुरू करायची, बंद केल्यावर परत घालायची. का काढते, ते तिनं सांगितलं नाही आणि आईनं, तिच्या अव्वानं, विचारलं नाही.

पोरीला कार्टून फिल्म शिकायला पुण्याच्या संस्थेत जायचं होतं. वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी. प्रवेशाच्या अर्जासोबत पाठवायला दोन महिने खपून तिनं डाळमिलमध्ये दाणे टिपणाऱ्या चिमणीची तीन मिनिटांची फिल्म केली. शेवटच्या दिवशी, भर मे महिन्यात, सगळी चित्रं जोडून फिल्म तयार करायचं काम दुपारी बाराला मला दिलं. चार तास लागणार होते. पाचच्या आत पाठवायची होती.

अडीचला ती अप्पांचा डबा द्यायला दुकानावर गेली. माझा पडदा आपोआप काळा झाला होता, आत काम चालूच होतं. गौरम्मा आली, माझ्यावर हात ठेवला.

"बंद झालं की. अगागा, लई तापलंय लेकरू. धूळ बी बसून राहिली."

आणि तिनं खोळ घातली. चारी कोपरे नीट ओढले.

मी वेग कमी केला, पंखे जिवाच्या आकांतानं फिरवले. इरकल चांगली जाड असते हो. सव्वातीनला मी विझलो. फिल्म अर्धवटच राहिली.

मंजुश्री परतली तेव्हा आधी तिला खोळ दिसली. तिनं ती काढली आणि घड्याळाकडे पाहिलं. पुन्हा पहिल्यापासून करायला चार तास कुठून आणायचे?

"काय झालं गं?" गौरम्मा दारातून म्हणाली.

पोरीनं खोळीची घडी घातली. खूप वेळ लावून घातली.

"मशीनच खराब निघालं, अव्वा."

आता मंजुश्री एका फोटो स्टुडिओत लग्नाचे अल्बम जुळवते. चिमणीची चित्रं अजून माझ्या पोटात आहेत. ती कधी उघडत नाही. गौरम्मा मात्र रोज संध्याकाळी माझ्यासमोर येते, डोळ्याला पदर लावते.

"मेल्या, काय कमी केलतं रं तुला मी?"

असं म्हणून खोळ घालते आणि कोपरे नीट ओढते.

कधी या घरी आलात, तर खोळीबद्दल काही बोलू नका. मला हवा तेवढा बोल लावा. मी खराबच निघालो, असंच तिला सांगा.