माझ्या पायाशी पाइन लावू नका

मित्रांनो, मी एक जुना पाइन आहे. सरळसोट वाढलो, म्हणून वाचलो. या उतारावरची बाकीची झाडे तोडली, तेव्हा वनरक्षकाने माझ्या खोडावर थाप मारली आणि म्हणाला, "याला राहू दे. याचं बी चांगलं आहे." माझ्या बियांतून खाली रोपे उगवली. येणारा-जाणारा त्यांच्याकडे पाहून मला शाबासकी देई.

मग एका पाखराच्या पायाला चिकटून बांडगुळाचे बी आले. काही वर्षे ते सालीच्या आतच पसरत राहिले. बाहेरून मी ठणठणीत दिसत होतो. नंतर पिवळट कोंब फुटले, डहाळ्यांचे झाडूसारखे झुबके झाले. माझे पाणी, माझे अन्न तेच शोषू लागले.

त्याचे फळ पिकले की फुटते आणि चिकट बी गोळीसारखे सुटते. शेजारच्या स्प्रूस, फर या दुसऱ्या जातींच्या झाडांवरही अशा बिया पडल्या. तिथे एखादीच रुजली, बाकीच्या वाळल्या. या बांडगुळाला पाइनच मानवतो. आणि माझ्या पायाशी माझीच पोरे होती.

वनरक्षक निवृत्त झाला. त्याच्या जागी त्याची मुलगी आली. एकदा बापाला बरोबर घेऊन येऊन तिने एक रोप वाकवून पाहिले. बांडगूळ आत शिरून त्याची फांदी सुजली होती.

"बाबा, हे मोठं झाड काढायला हवं."

"अगं, तू रांगत होतीस तेव्हापासूनचं आहे ते. फांद्या छाट, होईल बरं."

"किती वेळा छाटल्यात तुम्ही! स्वतःचं दुखणं अंगावर काढता ते काढा. याच्या पोरांनी काय केलंय?"

म्हाताऱ्याने माझ्या खोडावर हात ठेवला.

"आडवं नको पाडूस," तो म्हणाला. "उभंच जाऊ दे. आण तो कोयता."

त्याने स्वतःच्या हाताने माझ्या खोडाभोवती सालीचे रुंद कडे सोलून काढले. आता मी हळूहळू वाळेन. वाळल्या लाकडावर बांडगूळ जगत नाही. मुलीने सुजलेली रोपे उपटून ढीग केला. त्यात माझे सर्वांत उंच पोर होते. रिकाम्या खड्ड्यांत तिने स्प्रूस लावले.

मित्रांनो, आजारी झाडावर माया जरूर करा, पण त्याच्या सावलीत त्याचीच जात वाढवू नका. थोडी रोपे अजून निरोगी आहेत. माझ्या शेंड्याजवळ मात्र बांडगुळाची काही फळे पिकत आली आहेत. ती फुटण्याआधी मी वाळून जावे, एवढेच मागणे आहे.