टिंबांच्या तीन जोड्या

मित्रांनो, मी ट्रॅक्टर नव्हे. ट्रॅक्टरच्या पोटातलं जुनं डिझेल इंजिन आहे मी. रंगरंगोटी त्याची होते, फोटो त्याचे निघतात, आणि धूर आला की शिव्या मात्र मला. असो.

सव्वीस वर्षं मी एकाच घरी राबलो. नांगरट केली, पाण्याचे टँकर ओढले, एकदा तर चिखलात रुतलेला ट्रक बाहेर काढला. मालक होते तोवर रोज सकाळी माझं तेल बघत. ते गेले आणि तेल बघायचं कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही. माझ्या पिस्टनवरच्या रिंगा झिजल्या, निळा धूर येऊ लागला, चढावर दम लागायला लागला.

मालकांचा धाकटा भाऊ म्हणाला, "वहिनी, ह्याला भंगारात घाला. दुसरं इंजिन बसवू."

"ह्यांचा हात फिरलाय त्याच्यावर," मालकीणबाई म्हणाल्या. "उघडून बघितल्याशिवाय नाही देणार."

मिस्त्रीने मला उतरवून सुटं केलं. पिस्टनला क्रँकशी, म्हणजे माझ्या फिरत्या दांड्याशी जोडणारे तीन रॉड त्याने फळीवर मांडले आणि प्रत्येकाशेजारी त्याची कॅप, म्हणजे रॉडला क्रँकवर आवळणारं अर्धं कडं ठेवलं. दिसायला तिन्ही कॅप सारख्या, पण प्रत्येक आपल्याच रॉडबरोबर घडवलेली. मग तो नवे पिस्टन आणि बेअरिंग आणायला गेला.

बाईंना स्वच्छतेची भारी हौस. त्यांनी सगळं डिझेलमध्ये धुतलं, पुसलं आणि पुन्हा जोडीजोडीने मांडलं. कोणाची कोण, हे काही पाहिलं नाही. करायला गेल्या एक, झालं भलतंच! मिस्त्रीने परत येऊन मांडल्या जागेवरून उचलून मला जोडलं, बोल्ट आवळले. क्रँक तसूभर हलेना.

"सांगितलं नव्हतं?" दीर म्हणाले. "म्हाताऱ्याला शिंगं मोडून वासरांत घालायला निघालात! भंगारवाल्याला उद्या यायला सांगतो."

खरं सांगतो, मी घाबरलो.

बाईंनी कॅप परत सोडायला लावल्या. "मीच धुतल्यात, बघू द्या." कॅपच्या कडेवरून अंगठा फिरवताना त्यांना काहीतरी लागलं. "मिस्त्री, ह्या कॅपवर दोन टिंबं आहेत आणि रॉडवर तीन. हे कसं?"

मिस्त्रीने कपाळावर हात मारला. "अहो काकू, टिंबं जुळायला हवीत! इतकी वर्षं माझ्याच हाताने मांडलेलं उचलतोय, टिंबं बघायची सवयच मोडली. चूक माझी."

"माझीपण. हात लावण्याआधी विचारायला काय झालं होतं मला!"

एकाला एक, दोनाला दोन, तिनाला तीन. क्रँक फिरला. दुपारी मी सुरू झालो, जरा खोकलो, मग धूर निवळला. भंगारवाल्याला येऊ नको म्हणून फोन दिरांनीच केला.

मित्रांनो, जुनं टाकण्याआधी उघडून बघा. उघडलंत तर कोण कोणाच्या जोडीचं, तेही बघून ठेवा. आणि एवढा खटाटोप नको असेल, तर रोज सकाळी दोन मिनिटं तेल बघा. बाई आता बघतात, अगदी मालकांसारखंच तेल मोजायची पट्टी दोनदा पुसून. मला तेवढंच हवं होतं.