परित्राणाचा दोरा

अंतराळात श्वास घेता येईल अशी हवा भरली, ही बातमी नाशिककरांनी आधी हसण्यावारीच नेली. पंचवटीत तर चंद्रावर यात्रा न्यायच्या गप्पा रंगल्या. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला आणि सगळ्यांची दातखीळ बसली. सूर्य म्हणे पहिल्यापासूनच गरजत होता. मधे हवा नव्हती म्हणून आपल्याला ऐकू येत नव्हतं. आता उजाडल्यापासून मावळेपर्यंत नुसता गडगडाट. शेजारचा माणूस कानाशी ओरडला तरी कळेना.

बुद्धभूषणने धास्ती घेतली ती आईची. सुलाबाईने सिन्नरला जन्मभर बिड्या वळल्या, तंबाखूच्या धुळीने तिची छाती कामातून गेली. आता ती नाकात नळी घालून ऑक्सिजनच्या मशीनवर जगत होती. लाईट गेली की मशीन शिट्टी मारायचं आणि तो धावत जाऊन सिलिंडर जोडायचा. ती शिट्टी आता कोण ऐकणार?

सूर्य मावळला तेव्हा कुठे घरात बोलता आलं.

“येवढी हवा आली म्हणं आभाळात,” सुलाबाई म्हणाली, “मंग माझ्या छातीत का नाय शिरत?”

बुद्धभूषण उठला. परित्राण पाठाला सगळे मिळून हातात धरतात तो पांढरा दोरा त्याने काढला, तिच्या मनगटापासून स्वयंपाकघरापर्यंत नेला, आणि काही लागलं की ओढ म्हणून सांगितलं. आईला कल्पना फारच आवडली. सकाळची बुद्धवंदनाही या दोऱ्यावरच म्हणू, माझी ओळ संपली की मी ओढीन, मग तू म्हण, असं तिनेच ठरवलं.

सकाळी गडगडाट सुरू झाला आणि दोऱ्याला ओढ बसली. बुद्धभूषणने चहाचं आधण ठेवता ठेवता ओळ म्हटली. लगेच दुसरी ओढ, मग तिसरी. एका ओळीत दोनदा दम खाणारी आई आज भराभर म्हणत होती. वरची हवा तिला मानवली म्हणायची! त्याला भरून आलं. मग ओढ थांबली. पंचशील संपलं असं समजून त्याने हात जोडले आणि दुधासाठी फ्रिज उघडला.

फ्रिजमधला दिवा लागला नाही.

तो धावला. मशीनवर लाल दिवा लुकलुकत होता. त्याने सिलिंडर जोडला, आईला हाका मारल्या. त्या त्याच्याही कानांपर्यंत पोचल्या नाहीत. खिडकीबाहेर थेट चंद्रापर्यंत हवा होती.

शेवटी त्याने दोरा ओढला. आईचा हात उचलला गेला, आणि पडला.