टीप क्रमांक चार

तक्ता नऊच्या आलेखातली रेषा अकरा वर्षांपूर्वीच्या खुणेपाशी खाली वळते. स्टीलची पट्टी लावून मी ते वळण मोजलं आहे. त्याआधीची पाच वर्षं रेषा साधारण आडवी चालते, केसभर वर, केसभर खाली. मग एकाच वर्षात ती सात मिलिमीटर उतरते आणि त्यानंतर दरवर्षी जेमतेम अर्धा मिलिमीटर उतरत राहते. कागदावरचे सात मिलिमीटर म्हणजे चारशे दहा नोंदी. तक्त्याचं शीर्षक आहे 'मानवी तस्करी : देशभरातील नोंदी'. रेषा वळते तिथे अगदी बारीक टायपात चारचा आकडा आहे. छपाईतला डाग समजून कुणीही नखाने खरवडून बघावा, इतका बारीक. तो पानाच्या तळाशी असलेल्या टीप क्रमांक चारकडे बोट दाखवतो.

ती टीप माझी.

देशभरातल्या पोलीस ठाण्यांतून गुन्ह्यांचे आकडे आमच्या कार्यालयात येतात आणि त्यांचा दरवर्षी एक जाड अहवाल निघतो. मी तिथे सव्वीस वर्षं काढली. गेली चौदा वर्षं तक्ते विभाग माझ्याकडे आहे, म्हणजे प्रत्येक तक्त्याखाली माझी सही लागते. सहीशिवाय पान छपाईला जात नाही.

अकरा वर्षांपूर्वी आमच्या बेरजा जुळत नव्हत्या. एखादी मुलगी नाहीशी झाली की घरचे हरवल्याची तक्रार देत, तेव्हा ती हरवलेल्यांच्या तक्त्यात मोजली जाई. पुढे कुणी तिला विकलं असल्याचं कळलं, ती सुटून आली, की तीच मुलगी तस्करीच्या तक्त्यातही चढे. माणूस एक, नोंदी दोन. तेव्हाचे संचालक वैतागून म्हणाले, "बाई, एक माणूस एकदाच मोजायचा असं काहीतरी करा ना." मी दोन दिवस विचार करून एक ओळ लिहून दिली, आणि तीच सूचना म्हणून सगळ्या ठाण्यांनाही गेली. बेरजा जुळल्या. साहेबांनी सगळ्या विभागाला चहा पाजला आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "याला म्हणतात डोकं!"

तो चहा मला पुष्कळ दिवस गोड लागला.

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी मी सहज म्हणून 'सापडली' या सदरात बंद झालेल्या दोनशे फायली चिठ्ठ्या टाकून निवडल्या आणि मागवून घेतल्या. आकड्यांमागचे जबाब वाचायची आमच्याकडे पद्धत नाही, वेळही नसतो. मी ते वाचले. दोनशेपैकी एकसष्ट जबाबांत कुलूप होतं, किंवा काढून घेतलेली कागदपत्रं होती, किंवा कुणीतरी दुसऱ्या कुणाच्या हवाली केल्याचं लिहिलं होतं. मी सगळं एका कागदावर मांडलं आणि तो कागद टेबलाच्या खालच्या खणात ठेवला. त्या वर्षी मला वाटलं, नमुना लहान आहे. पुढच्या वर्षी नवे संचालक आले होते, त्यांना रुळू द्यावं म्हटलं. त्याच्या पुढच्या वर्षी काय कारण होतं ते आता आठवतही नाही.

या वर्षी अहवाल छपाईला जायच्या आधीच्या आठवड्यात, सोमवारी सकाळी फोन वाजला.

"मॅडम, मीच."

लांबच्या एका ठाण्यातली ही नोंदणी कारकून. गेली नऊ वर्षं आकडे पाठवायच्या वेळी ती शंका विचारायला फोन करते, म्हणून आमच्या विभागात तिचं नाव शंकाबाई पडलं आहे. आम्ही एकमेकींना कधी पाहिलेलं नाही.

"बोला. यंदा कुठली शंका?"

"शंका तीच हो. दरवर्षी वाटतं तुम्ही उत्तर बदलाल, तुम्ही काही बदलत नाही."

मी हसले. ती हसली नाही.

"एक मुलगी आलीय मॅडम. सतरा वर्षांची. चौदा महिन्यांपूर्वी तिच्या आईने हरवल्याची तक्रार दिली होती, माझ्याच अक्षरात आहे. कोळंबी सोलायच्या शेडमध्ये होती ती. बाहेरून कुलूप. कागद मालकाच्या कपाटात. काम देते म्हणून ओळखीच्याच एका बाईने नेलं आणि तिथे विकून टाकलं. परवा मागच्या भिंतीवरून उडी मारून आली. पाय मोडलाय. आता लिहू काय?"

मी समोरच्या पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"ऐकताय ना?"

"ऐकतेय."

"टीप चारप्रमाणे 'सापडली, प्रकरण बंद'. बरोबर?"

"टीप चारप्रमाणे बरोबर."

"आम्ही कुठे शोधली हो तिला! तीच आली लंगडत."

"त्या बाईवर गुन्हा नोंदवला ना?"

"साहेब म्हणतात, प्रकरण बंद झालंय तर नवं कशाला उघडायचं? वर कुणी विचारत नाही. पूर्वी विचारायचे, तेव्हा नोंदवायचे म्हणे. नऊ वर्षांत मी बघतेय ना, मोजणं थांबलं तशी सवयही गेली. आणि दुसरं म्हणजे आमचं निवारागृह बंद करतायत. बावीस खाटांचं. मंत्रालयाचं पत्र आलंय, 'घटता कल लक्षात घेता'. तुमचा अहवाल निघाला की महिनाभरात कुलूप. मुलगी आत्ता तिथेच आहे, प्लास्टर घालून. घरी पाठवावी तर ती विकणारी बाई समोरच्याच दारात राहते. कुठे ठेवू हिला? माझ्या टेबलाखाली?"

"मी बघते," मी म्हटलं.

"दरवर्षी असंच म्हणता तुम्ही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "ठेवू फोन?"

शेजारच्या टेबलावर दशांश बसतो. पडताळणीचं काम त्याच्याकडे, आणि तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत भांडतो म्हणून हे नाव. चहात साखरसुद्धा पावणेदोन चमचे सांगतो.

"शंकाबाई?" त्याने मान वर न करता विचारलं.

"हो."

"शंका?"

"तीच."

"मग उत्तरही तेच दे आणि मोकळी हो. नऊ वर्षांत एकदा वेगळं बोललीस तर सरासरी बिघडेल."

एरवी मी यावर काहीतरी टोला दिला असता. त्या दिवशी खालचा खण उघडला, कागद जागेवर आहे एवढं बघितलं आणि खण लावला.

संध्याकाळी घरी आले तेव्हा ताई वटाण्याच्या शेंगा सोलत बसली होती. माझी ही मोठी बहीण पस्तीस वर्षं इस्पितळात परिचारिका होती. निवृत्तीनंतर माझ्याकडे राहते आणि वॉर्ड सांभाळावा तसं घर सांभाळते. मी समोर बसून शेंगा सोलायला घेतल्या आणि तिला शंकाबाईने फोनवर सांगितलेल्या मुलीची हकिकत सांगितली. मग टीप चार सांगितली.

"थांब," ती म्हणाली. "म्हणजे सापडली की संपलं?"

"एक माणूस दोनदा मोजला जाऊ नये म्हणून."

"अगं, आमच्याकडे पाय मोडून आलेला माणूस बरा होऊन घरी गेला, तर 'घरी गेला' एवढंच लिहून चाललं असतं का? मोठ्या सिस्टरने माझाच पाय मोडला असता. काय झालं होतं, कशाने झालं, ते आधी. घरी जाणं शेवटी. तुम्ही घरी गेलेले मोजताय आणि म्हणताय आजार उतरला!"

"ते इतकं सोपं नाही, ताई. दोन तक्त्यांत एकच माणूस आला की बेरीज..."

"मग दोन्ही वह्यांत लिहायचं आणि नावापुढे एक खूण करायची. अपघात विभागातून वॉर्डात आलेला पेशंट आम्ही तसाच लिहायचो. त्याला संख्याशास्त्र लागत नाही."

अकरा वर्षांपूर्वी त्या दोन दिवसांत ही खूण मला सुचली नव्हती असं नाही. सुचली होती. पण त्यासाठी प्रत्येक ठाण्याचा नोंदणीचा फॉर्म बदलावा लागला असता, आणि टीप एका ओळीत मावत होती.

"कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाली ही टीप?" ताईने विचारलं.

"माझ्या."

तिने हातातली शेंग सोलून पुरी केली. दाणे भांड्यात पडले.

"हं," ती म्हणाली. मग पुढची शेंग उचलत, "तुला आठवतं? लहानपणी गणित चुकलं की तू पाटी पुसायची नाहीस. तेच शेजारी बारीक अक्षरात नव्याने मांडायचीस, आणि चुकलेल्यावर हात ठेवून बसायचीस. बाबा म्हणायचे, हात काढ. तू काढायची नाहीस."

"आठवतं."

"हात दुखत नाही का गं तुझा?"

आणि ती भांडं घेऊन आत गेली.

गुरुवारी आकडेवाचन होतं. आमच्या कार्यालयाची ही जुनी रीत. छपाईआधी संचालकांच्या खोलीत बसायचं, एकाने हस्तप्रतीतला प्रत्येक आकडा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने छापील खर्ड्यावर पेन्सिलीने टिंब द्यायचं. वाचायचे फक्त आकडे. शीर्षकं, मजकूर, टिपा वाचत नाहीत, कारण त्या वर्षानुवर्षं त्याच असतात. दशांश वाचतो, मी टिंबं देते. संचालक समोर बसून ऐकतात, आणि तक्ता संपला की आधी मी, मग ते सही करतात.

आमचे आताचे संचालक माझ्याहून बारा वर्षांनी लहान, सौम्य बोलणारे. तक्ता नऊ आला तेव्हा त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली. हा आलेख ते मंत्रालयात दाखवून आले होते आणि तिथे त्याचं कौतुक झालं होतं.

दशांशचा आवाज वाचताना एका सुरात लागतो. बाराशे चार. अकराशे सत्त्याऐंशी. बाराशे अकरा. मी टिंबं देत होते. बाराशे सहा. अकराशे शहाण्णव. सातशे शहाऐंशी. या आकड्यावर माझ्या पेन्सिलीचं टोक मोडलं. मी दुसरी पेन्सिल घेतली. पुढे सातशे त्रेपन्न, सातशे सव्वीस, तो उतरत उतरत यंदाच्या आकड्यापर्यंत आला.

"चारशे शहाऐंशी. तक्ता नऊ समाप्त. तक्ता दहा..."

"टीप राहिली," मी म्हटलं.

दशांशने चष्म्यावरून पाहिलं. "टिपा कधीपासून वाचायला लागलो आपण?"

"वाच."

त्याने संचालकांकडे पाहिलं. त्यांनी हाताने 'वाचा' अशी खूण केली. आकड्यांचा सूर सोडल्यामुळे दशांशचा आवाज एकदम घरातल्यासारखा वाटला.

"टीप चार. हरवल्याची नोंद असलेली व्यक्ती सापडल्यास तिचे प्रकरण 'सापडली' या सदरात बंद करावे. अशी व्यक्ती अन्य कोणत्याही तक्त्यात पुन्हा मोजू नये."

वाचून झाल्यावर तो ती ओळ मनातल्या मनात पुन्हा वाचताना दिसला. गेली नऊ वर्षं तो या पानाची पडताळणी करत होता.

"कुठल्याही तक्त्यात?" तो हळूच म्हणाला.

"जुनीच टीप आहे ना?" संचालकांनी विचारलं.

"हो साहेब. अकरा वर्षांपूर्वी मीच लिहिली." मी मांडीवरच्या फायलीतून तो कागद काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला. तीन वर्षांत घडीवर पिवळी रेघ उमटली होती. "सापडली म्हणून बंद झालेल्या दोनशे फायली मी वाचल्या. त्यातल्या एकसष्ट या तक्त्यात यायला हव्या होत्या."

"साडेतीस टक्के," दशांश म्हणाला. या वेळी त्याने पुढची शून्यं सांगितली नाहीत.

संचालकांनी कागद नीट वाचला. खालच्या तारखेवर त्यांचं बोट थांबलं. "हे तीन वर्षांपूर्वीचं आहे."

"हो."

"आणि आज सांगताय? सोमवारी छपाई आहे, बाई. मी हा आलेख मंत्रालयात दाखवून आलोय."

"माहीत आहे. या आलेखावर काही निवारागृहं बंद होणार आहेत, तेही माहीत आहे."

ते उठून खिडकीपाशी गेले. पडद्याची दोरी उगीचच सरळ केली. वाईट माणूस नव्हे तो, तोडगा शोधत होता. मीही तिथे असते तर तेच केलं असतं. केलंही होतं.

"असं करू," ते वळून म्हणाले. "यंदा एक टीप पाच घालू. 'काही नोंदी अन्य सदरांत समाविष्ट असण्याची शक्यता आहे.' पुढच्या वर्षी समिती नेमू. तुमची बाजूही राहील, तारीखही राहील. एका ओळीत काम होतंय."

एका ओळीत. समोर खर्डा पडला होता, सोळा वर्षांचे सोळा आकडे, प्रत्येकापुढे माझ्या हाताचं टिंब आणि खाली सहीसाठी सोडलेली मोकळी जागा. दशांशने सवयीने पेन माझ्याकडे सरकवलं. मी ते घेतलं, टोपण लावलं आणि त्याच्यासमोर परत ठेवलं.

"साहेब, टिपा कुणी वाचत नाही," मी म्हटलं. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा साधा निघाला. "तक्ता नऊवर मी सही करणार नाही. टीप चार चुकीची आहे आणि ती चूक माझी आहे. आपल्याला अकरा वर्षं पुन्हा मोजायची आहेत."